पाट वाहता हवा

नळी तोंडात धरायची, सावकाश फुंकर घालायची आणि वीस मिनिटं बाकावर बसून राहायचं. पुन्हा नळी, पुन्हा फुंकर. पुण्यातल्या एका तपासणी केंद्रात मी सकाळी साडेसातपासून हेच करत होते. पोटात आदल्या रात्रीपासून अन्नाचा कण नव्हता. होतं ते फक्त पेलाभर पाण्यात विरघळवलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज. पहिल्या फुंकरीला यंत्रावर ४ आकडा आला. चाळीस मिनिटांनी २७, तासाभराने ४१.

हा आकडा हायड्रोजनचा होता, हवेच्या दहा लाख भागांत किती भाग हायड्रोजन, या हिशेबाने. मी साताऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. जस्ताच्या तुकड्यांवर विरल आम्ल ओतायचं आणि परीक्षानळीच्या तोंडाशी जळती काडी नेली की 'पॉप' असा आवाज करून हायड्रोजन जळतो, हा प्रयोग मी पंचवीसेक वर्षं मुलांना दाखवत आले आहे. माणसाच्या शरीरातली एकही पेशी हायड्रोजन तयार करत नाही, हे मात्र मला त्या बाकावर बसेपर्यंत माहीत नव्हतं. आपल्या श्वासात येतो तो सगळा आतड्यातल्या जिवाणूंनी केलेला असतो. ते साखर आंबवतात, त्यातून निघालेला वायू रक्तात मिसळतो आणि फुप्फुसांतून बाहेर पडतो. ग्लुकोज लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषलं जातं, ते सहसा मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. तरीही तासाभरात आकडा ४१ वर गेला, याचा अर्थ जिथे जिवाणूंची वस्ती विरळ असायला हवी, त्या लहान आतड्यातच त्यांनी ठाण मांडलं होतं. नव्वद मिनिटांच्या आत आकडा सुरुवातीपेक्षा २० ने वर गेला की तपासणी होकारार्थी धरतात. माझा ३७ ने वर गेला होता.

या विकाराला डॉक्टर 'सिबो' म्हणतात. लहान आतड्यात जिवाणूंची बेसुमार वाढ, एवढाच त्याचा अर्थ.

परकराची नाडी

सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येत नाही, पण लक्षात कशाने आली ते सांगते. सकाळी नीट बांधलेली परकराची नाडी दुपारच्या तासाला काचायला लागायची. मधल्या सुट्टीत प्रसाधनगृहात जाऊन ती सैल करायची, निऱ्या पुन्हा खोचायच्या आणि वर्गात जायचं. संध्याकाळी पोट इतकं तट्ट व्हायचं की ओळखीच्या बायका चोरून पाहायच्या. सकाळी उठले की पोट पुन्हा सपाट. पुढे जुलाब सुरू झाले. सात वाजता पहिला तास असायचा आणि त्याआधी तीन-चार वेळा जावं लागायचं. एसटीने लांबचा प्रवास करायचा म्हटलं की छातीत धडधड व्हायची, कारण गाडी पुढे कुठे थांबेल याचा भरवसा नसायचा. भाच्याच्या लग्नाला मी गेले नाही आणि कारण खोटं सांगितलं.

पाच वर्षांत मला बरंच काही सांगितलं गेलं. ॲसिडिटी आहे, पाळी जायचं वय आहे, टेन्शन घेऊ नका, मनाचा खेळ आहे. या शेवटच्या वाक्याने मला सगळ्यात जास्त दुखावलं. दुखणं खरं आहे हे मला माहीत होतं, पण ते दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. वजन ६१ वरून ५२ किलोवर आलं. पायांना मुंग्या यायला लागल्या, फळ्यावर लिहिताना साधे शब्द आठवेनासे झाले.

धागा सापडला तो रक्ताच्या एका अहवालात. मी अंडी, मासे, मटण सगळं खाते, तरी बी-१२ जीवनसत्त्व खूपच कमी, १२८ होतं. फोलेट मात्र वरच्या बाजूला. पुण्याच्या डॉक्टरांनी या दोन आकड्यांखाली पेनने रेघ ओढली आणि म्हणाले, "मॅडम, हे बघा. तुमचं बी-१२ वाटेतच कुणीतरी खाऊन टाकतंय आणि फोलेट तयार करून देतंय. जिवाणू अगदी असंच करतात." माझ्या पोटाबद्दल पाच वर्षांत प्रथमच कुणी माझ्या स्वभावाचा उल्लेख न करता बोललं होतं.

सहा मीटरची वाट आणि तिचे पहारेकरी

आपलं लहान आतडं साधारण सहा मीटर लांब असतं, मोठं जेमतेम दीड मीटर. अन्नातलं सत्त्व शोषून घेण्याचं काम मुख्यतः लहान आतड्याचं. मोठ्या आतड्यात जिवाणूंची दाट वस्ती असते, एका ग्रॅममध्ये दहा हजार कोटींच्या घरात, आणि तिथे ती हवीच असते. लहान आतड्याच्या वरच्या भागात मात्र एका मिलिलिटरमध्ये हजारसुद्धा नसतात. एकाच नळीची ही दोन टोकं, पण वस्तीत इतका फरक. तो टिकवून धरायला शरीराने पहारे बसवले आहेत.

पहिला पहारा जठरातल्या आम्लाचा. अन्नाबरोबर गिळलेले बहुतेक जिवाणू तिथेच मरतात. दुसरा पित्तरसाचा. तिसरा, लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावरच्या झडपेचा. ती मोठ्या आतड्यातला माल उलटा वर येऊ देत नाही. चौथा आतड्याच्या अस्तरातल्या प्रतिकारशक्तीचा. पाचवा पहारा मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पोट रिकामं असताना दर दीड-दोन तासांनी जठरापासून निघून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत आकुंचनाची एक जोरदार लाट जाते. उरलंसुरलं अन्न, मेलेल्या पेशी, जिवाणू, सगळं ती पुढे लोटत नेते. १९६९ साली कुत्र्यांच्या आतड्यातल्या विद्युत लहरी नोंदवताना ही लाट शास्त्रज्ञांच्या लक्षात आली. भुकेच्या वेळी पोटात कावळे कोकलतात असं आपण म्हणतो, त्या आवाजात या लाटेचाही वाटा असतो. मात्र तिची एक अट आहे. तोंडात घास गेला की ती थांबते. बिस्किट खाल्लं तरी थांबते, दुधाचा चहा घेतला तरी थांबते.

डॉक्टर हे समजावून सांगत होते तेव्हा मला वडील आठवले. वाईजवळ आमची शेती, पाणी धोमच्या कालव्याचं. वडील रात्री कंदील घेऊन दारं धरायला जायचे. पाण्याची पाळी येण्याआधी ते खोऱ्याने पाटातला गाळ आणि गवत काढून टाकायचे. मी लहान होते, मागे कंदील धरून उभी असायचे. ते म्हणायचे, पाटात पाणी थांबलं की शेवाळ धरतं, मग कितीही उपसा, पुन्हा धरतं. आधी उतार बघायचा.

उतार कुठे बिघडला?

सिबो हा बहुतेक वेळा कशाचा तरी परिणाम असतो. कुणाला जुना मधुमेह असतो आणि त्याने आतड्याच्या नसा मंदावलेल्या असतात. कुणाचं थायरॉइड सुस्त असतं. कुणाच्या पोटावर शस्त्रक्रिया झालेली असते आणि आत आतड्याचे पदर एकमेकांना चिकटून अरुंद वळणं तयार झालेली असतात. स्वादुपिंडाची जुनी सूज, क्रोन्सचा आजार, अफूच्या जातीची वेदनाशामकं यांनीही हेच होतं. कधी जोराच्या विषबाधेनंतर आतड्याची हालचाल पूर्ववत होतच नाही. आपल्याकडे एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे आतड्याचा क्षय. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याचा भाग ही क्षयाची आवडती जागा, आणि तो बरा झाल्यावरही आतडं तिथे आकसलेलं राहू शकतं. म्हणून माझं स्कॅन आणि कोलोनोस्कोपी आधी झाली. क्षय नाही याची खात्री पटेपर्यंत डॉक्टरांनी औषधाला हात लावला नाही.

माझ्या बाबतीत तीन गोष्टी निघाल्या. एकोणिसाव्या वर्षी माझं अपेंडिक्स फुटलं होतं आणि त्याची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. त्या जागी आतडं थोडं चिकटलेलं होतं. थायरॉइडच्या गोळीचा डोस अपुरा होता. आणि तिसरी गोष्ट माझ्या पर्समध्येच होती, आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची पट्टी. कधीकाळी आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली ती गोळी मी सहा वर्षं रोज सकाळी घेत होते. संपली की दुकानातून आणायची. पोटाचा पहिला पहारेकरी मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने झोपवत होते.

आजार नव्याने सापडला आहे असंही नाही. आमच्या आजीच्या तोंडी 'संग्रहणी' हा शब्द असायचा. खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब हटत नाहीत, माणूस वाळत जातो, ती संग्रहणी. १९६०च्या दशकात तमिळनाडूतल्या खेड्यांमध्ये अशा विकाराच्या साथी आल्या होत्या आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी त्यांचा बारकाईने अभ्यास केला. उष्ण प्रदेशातल्या या संग्रहणीत लहान आतड्यात जिवाणू वाढलेले आढळतात, आणि टेट्रासायक्लिन व फॉलिक ॲसिड देऊन ती बरी करता येते, हे पुढे पक्कं झालं. सिबो आणि ती संग्रहणी एक नव्हेत, पण जवळचं नातं आहे.

चौदा दिवसांच्या गोळ्या

मला रिफॅक्सिमिन दिलं, ५५० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, १४ दिवस. गोळ्यांचं बिल आमच्या महिन्याच्या किराण्याच्या जवळपास गेलं. हे औषध आतड्यातच काम करतं, रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही. त्याचं कूळ मी मुद्दाम शोधून वाचलं. १९५७ साली दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातली माती इटलीतल्या मिलानच्या एका प्रयोगशाळेत तपासली गेली. त्या मातीतल्या जिवाणूपासून रिफामायसिन मिळालं. क्षयावरचं आपल्या ओळखीचं रिफॅम्पिसिन त्याच घरातलं, आणि रिफॅक्सिमिनही. म्हणूनच क्षयाची शंका असताना हे औषध परस्पर घेणं धोक्याचं. कुणाला गुण आला म्हणून त्याचं नाव कागदावर लिहून दुकानात जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

काहींच्या श्वासात हायड्रोजनऐवजी मिथेन जास्त निघतो. तो करणारे जीव जिवाणूंहून वेगळ्या, आर्किया नावाच्या गटातले. या रुग्णांना जुलाबांऐवजी बद्धकोष्ठ जास्त असतं आणि बऱ्याचदा रिफॅक्सिमिनला निओमायसिनची जोड द्यावी लागते. मिथेनचा आकडा केव्हाही १० किंवा त्याहून वर गेला की ते निदान धरतात. माझा ३ होता.

नवव्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन साडी बदलताना लक्षात आलं की नाडी दिवसभर सोडलीच नव्हती. त्या रात्री मी रडले. पण पाच महिन्यांनी ते सगळं परत आलं. तीच नाडी, तेच सकाळचे फेरे. औषध खोटं निघालं असं मला वाटलं.

खोटं नव्हतं. इटलीतल्या एका अभ्यासात रिफॅक्सिमिनने बऱ्या झालेल्या ८० जणांची नऊ महिने नोंद ठेवली होती. तीन महिन्यांत १२.६ टक्के, सहा महिन्यांत २७.५ टक्के आणि नऊ महिन्यांत ४३.७ टक्के लोकांना आजार पुन्हा झाला. परत येण्याची शक्यता कुणाला जास्त? वय वाढलेल्यांना, अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांना. डॉक्टरांनी हे वाचून दाखवलं तेव्हा ती जणू माझीच केस होती. आम्ही शेवाळ उपसलं होतं, उतार तसाच राहिला होता.

दुसऱ्या खेपेला उपचारांबरोबर बाकीचंही हाती घेतलं. आम्लाची गोळी एकदम बंद केली तर आम्ल उसळी मारून वर येतं, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली दोन महिन्यांत उतरवत आणली. थायरॉइडचा डोस नीट बसवला. बी-१२ची इंजेक्शनं घेतली, पायांच्या मुंग्या हळूहळू गेल्या. आतड्याची हालचाल वाढवणारी एक गोळी झोपताना सुरू झाली. आणि दोन खाण्यांमध्ये चार ते पाच तास अंतर. हे लिहायला सोपं, पाळायला अवघड. शिक्षकांच्या खोलीत दर तासाला कुणीतरी चहा मागवतं, कुणाच्या डब्यातून चिवडा निघतो. मी पाणी पिते. पहिले पंधरा दिवस सगळ्यांनी आग्रह केला, मग माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आधी भरून ठेवायला लागले. मधुमेह असणाऱ्यांनी, वजन फार कमी झालेल्यांनी हे अंतर स्वतःच्या मनाने ठरवू नये.

दोन बरण्या

आमच्या साताऱ्याकडचं स्वयंपाकघर कांदा-लसूण मसाल्यावर चालतं. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळतात, कांदा चिरून वाळवतात, खोबरं, धणे, तीळ भाजले जातात, सोललेल्या लसणाचा ढीग पडतो आणि सगळं कांडून आणून वर्षाची बरणी भरली जाते. आमटी असो की मटणाचा रस्सा, चमचाभर मसाला पडल्याशिवाय त्याला चव नाही. आणि नेमके कांदा, लसूण आणि गहू यांत फ्रक्टन नावाची साखर असते, जी आपल्याला पचत नाही पण जिवाणू आवडीने आंबवतात. कडधान्यांत, दुधात, आंब्यात, सफरचंदात अशाच जातीच्या दुसऱ्या साखरा असतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात या साखरांचा अभ्यास झाला, त्यांना फॉडमॅप हे नाव २००५च्या सुमारास मिळालं आणि त्या कमी करणाऱ्या आहाराला 'लो फॉडमॅप' म्हणतात.

हा आहार आजार बरा करत नाही. आतल्या जिवाणूंचा चारा कमी करून त्रास हलका करतो, एवढंच. आणि तो चार-सहा आठवड्यांसाठीच असतो. पुढे एकेक पदार्थ थोड्या मापाने परत आणून बघायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला कुठून कुठून मिळालेल्या याद्या जोडून मी एकेक पदार्थ सोडत गेले. शेवटी ताटात भात, काकडी आणि तूप उरलं. वजन ४९. आहारतज्ज्ञ बाईंनी ते ताट ऐकून वही बंद केली आणि म्हणाल्या, "आता आजारापेक्षा उपासमारीची भीती जास्त आहे. आपण काय काढायचं ते नंतर बघू, आधी काय खाता येईल ते लिहू."

यादी लिहिली तर ती मोठी निघाली. चपातीच्या जागी ज्वारीची भाकरी. अंडी, मासे, कोंबडी. भात, बटाटा, गाजर, पालक, संत्री. मूगडाळ थोडी, पातळ वरण करून. फ्रक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे कढईत तेल तापवून त्यात लसणाच्या पाकळ्या सोनेरी होईतो परतायच्या, सगळ्या वेचून काढायच्या आणि मग त्या तेलात फोडणी करायची. लसणाचा वास ताटात येतो, त्रास येत नाही. पाणी घालण्याआधी पाकळ्या काढायच्या, हे मात्र विसरायचं नाही. बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो, म्हणून खडा हिंग आणला.

सासूबाई ७८ वर्षांच्या. त्यांना मी आत्या म्हणते. आजाराचं नाव त्यांना उच्चारता येत नाही. त्या उन्हाळ्यात गच्चीवर मसाल्याची तयारी चालू असताना त्यांनी भाजलेलं खोबरं, तीळ, धणे आणि मिरची आधी वेगळी काढली. "सूनबाईचं पहिलं कांडून आणा, मग आपलं. एकाच मशीनमध्ये आपल्यामागनं तिचं नको," असं त्यांनी माझ्या नवऱ्याला बजावलं. मग चिनीमातीच्या लहान बरणीला तांबड्या कापडाचा दादरा बांधला, मोठ्या बरणीला पांढऱ्याचा. मला कुणी विचारलं असतं की तुझ्यावर सगळ्यात मोठे उपचार कुणी केले, तर मी गोळ्यांच्या आधी त्या तांबड्या कापडाचं नाव घेतलं असतं. घरात आपल्यासाठी वेगळी बरणी आहे आणि त्याबद्दल कुणाच्या कपाळाला आठी नाही, एवढ्याने आजारी माणसाला जेवणाच्या ताटाची भीती वाटेनाशी होते.

काय ठरलेलं आहे, काय नाही

या विकाराबद्दल डॉक्टरांमध्ये अजून मतभेद आहेत आणि ते वाचकांना माहीत असायला हवेत. श्वासाची तपासणी अचूक नाही. ग्लुकोजऐवजी लॅक्टुलोज दिलं आणि आतड्याची गती जास्त असली, तर ती साखर लवकर मोठ्या आतड्यात पोहोचते आणि आकडा उगाच वर जातो. ग्लुकोजने लहान आतड्याच्या शेवटच्या भागातली वाढ निसटू शकते. दुर्बिणीने आतड्यातला द्रव काढून जिवाणू मोजता येतात, पण ते खर्चाचं आणि किचकट आहे. आतड्याच्या चिडखोरपणाचा, म्हणजे आयबीएसचा, त्रास असलेल्या किती जणांना खरोखर सिबो असतो, यावर एकमत नाही. म्हणून नुसत्या आकड्यावर नाही, तर लक्षणं, रक्ताचे अहवाल आणि मागचा इतिहास एकत्र मांडूनच निदान व्हावं. तपासणीआधी चार आठवडे प्रतिजैविक घेतलेलं नसावं, आदल्या दिवशी पांढऱ्या भातासारखं साधं जेवण असावं आणि बारा तासांचा उपास असावा, नाहीतर आकड्याला अर्थ राहत नाही.

पोट फुगलं म्हणजे सिबोच, असंही नाही. शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला पोटाचा त्रास, यांतलं काहीही असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.

मी पूर्ण बरी झाले असं म्हणणार नाही. अपेंडिक्सच्या जागी चिकटलेलं आतडं तसंच आहे, त्यामुळे उतारावर लक्ष ठेवावंच लागणार. रात्री जेवण झालं की कृष्णेच्या बाजूला अर्धा तास चालून येते. वजन ५७ आहे. दीड वर्षात एकदाच पुन्हा गोळ्या घ्याव्या लागल्या. गेल्या महिन्यात एसटीने नागपूरला बहिणीकडे जाऊन आले.

मेमध्ये दोन्ही बरण्या पुन्हा भरल्या. त्या दिवशी मटण होतं. आहारतज्ज्ञ बाईंनी आखून दिल्याप्रमाणे माझ्या वाटीत मी पांढऱ्या कापडाच्या बरणीतला पाव चमचा मसाला घातला. आत्या समोर बसून बघत होत्या, बोलल्या काही नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. "नाडी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "सकाळी बांधली तशीच आहे, आत्या." त्यांनी कॅलेंडरवरच्या त्या तारखेवर पेन्सिलीने बारीक फुली मारली. तीन दिवसांनी अर्धा चमचा घालून बघायचा होता.